दोष आढळला नाही

गाडी नव्वदला नाचली. नाचली हा शब्द सुकन्याचा, पाच वर्षांच्या नातीचा. मागच्या सीटवरून ती आनंदानं ओरडली, "आजोबा, गाडी नाचली! परत नाचवा ना." किशनरावांच्या हातातलं स्टेअरिंग आधी डावीकडं ओढलं गेलं, मग उजवीकडं, मग त्यांनी सावरलं म्हणून सरळ झालं. सगळं मिळून दीड सेकंद. कळमनुरीच्या पुढं, चौपदरी रस्त्यावर, लख्ख उन्हात, समोर एकही ट्रक नसताना.  शेजारी बसलेल्या रामनं फक्त बापाच्या हातांकडं पाहिलं. गाडी डुलली की परका माणूस रस्त्याकडं पाहतो, जाणकार चाकांकडं पाहतो. हातांकडं पाहतो तो मुलगा. किशनरावांनी वेग साठावर आणला आणि नांदेडपर्यंत साठावरच ठेवला. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरनंसुद्धा हॉर्न वाजवून त्यांना मागं टाकलं. नांदेडात राम म्हणाला, "येताना मी चालवतो. तुमी जरा पडा." पडा म्हणाला. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला लोक बसा म्हणायचं सोडून पडा म्हणू लागतात, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

गाडी दीड महिन्याची. सीटवरचं प्लास्टिक बायकोनं, चंद्रभागाबाईंनी, अजून काढू दिलं नव्हतं. आरशाला बांधलेली लिंबू-मिरची वाळून सुपारीएवढी झाली होती. किशनरावांचं आयुष्य गाड्यांच्या खाली गेलं होतं. डेपोच्या वर्कशॉपमध्ये साध्या हेल्परपासून मुख्य मेकॅनिकपर्यंत, पस्तीस वर्षं. गाडी म्हणजे वरून कपाळावर ठिबकणारं काळं तेल, गाडी म्हणजे पाठीखालची गोणी, हीच त्यांची ओळख. गाडीला वरची बाजू असते, तिथं बसून खिडकीची काच खाली करता येते आणि ओळखीच्या माणसाला हात करता येतो, हे त्यांना निवृत्तीनंतर सात वर्षांनी कळलं. किल्लीसाठी त्यांनी दाराच्या चौकटीत स्वतः खिळा ठोकला होता. सकाळी सुकन्याला शाळेत सोडायचं म्हणून ते खिळ्यावरून किल्ली काढत तेव्हा मुद्दाम वाजवत. गल्लीत कुणाला नसली तरी त्यांना स्वतःला ऐकू येई. आता मात्र किल्ली काढताना ते हाताकडं पाहू लागले. चहाची बशी काठोकाठ भरून स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत न्यायची, सांडली का पाहायची. सुईत दोरा ओवायचा. हात समोर धरून बोटांवर कागद ठेवायचा. कागद हलला. मग पंखा बंद करून ठेवला, तरी हलला की नाही हे नक्की ठरेना. चंद्रभागाबाई दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, "काय करून राहिले? जादू शिकून राहिले का?" ते म्हणाले, "हात पाहतोय." "पाहा," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी पाहून राहिले. तवा बी काई वाटलं न्हाई."

गाडी शोरूमला तीनदा नेली. पहिल्यांदा त्यांनी चारी चाकांची हवा पाहिली, दुसऱ्यांदा बॅलन्सिंग केलं, तिसऱ्यांदा पुढच्या चाकांचं अलाइनमेंट. हे सगळं किशनरावांनी घरी आधीच डोक्यात करून पाहिलं होतं. पुढच्या चाकांत काय काय बिघडू शकतं याची उजळणी ते रात्रंदिवस करत होते. मागचा विचार मनात आला नाही. आयुष्यभर गाडीच्या पुढच्याच भागातले दोष लपवलेला माणूस मागं कशाला पाहील. शोरूमचा टायवाला सल्लागार फार गोड होता. तो म्हणाला, "सर, आमचा ड्रायव्हर गाडी शंभरला घेऊन गेला. एकदम मख्खन." किशनरावांनी विचारलं, "कुठल्या रस्त्यानं?" सल्लागार म्हणाला, "रिंग रोडनं, सर." रिंग रोडवर तेव्हा पाइप टाकायला चर खणलेले होते, तिथून बैलगाडीसुद्धा विचार करून जात होती. मग त्यानं छापील कागद पुढं केला. खाली लिहिलं होतं: चाचणी घेतली. दोष आढळला नाही. त्याखाली बारीक अक्षरात, चालकास वेगात गाडी हाताळण्याची सवय नसावी. किशनरावांना राग यायला हवा होता. आला नाही. बाजारात अचानक शाळेतला वर्गमित्र भेटावा आणि तो म्हातारा झालेला नसावा, तसं त्या वाक्याकडं ते पाहत राहिले. दोष आढळला नाही, हे वाक्य त्यांचं होतं. शब्द तेच, पूर्णविराम तिथंच. अक्षर तेवढं दुसऱ्याचं.

डेपोत एक वही असे. ड्रायव्हरनं गाडी लावली की त्यात गाडीचा दोष लिहायचा, आणि त्याखाली मेकॅनिकनं काय केलं ते लिहायचं. वही ज्यानं काढली तो मोठा सरळ माणूस असावा. दोष असला की सुटा भाग लागतो, आणि सुटा भाग नसे. "सामान नाही" असं लिहिलं की वरून खुलासा मागवत. खुलासा दिला की तो अपुरा का आहे याचा खुलासा मागवत. "दोष आढळला नाही" असं लिहिलं की कुणी काही मागवत नसे. म्हणून सगळे तेच लिहीत. ड्रायव्हरही शहाणे झाले होते, ते दोष लिहिणंच सोडून देत, देवाचं नाव घेऊन गाडी काढत. गाड्या चालत. बहुतेक गाड्या पोचतही. या सगळ्या शहाणपणात एकच वेडा होता, थावरा. सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरचा ड्रायव्हर. पायात चप्पल न घालता गाडी चालवी. साहेब लोकांनी विचारलं तर म्हणे, खालून समजते. आणि समजलेलं वहीत लिही. ओबडधोबड अक्षरात, कडेला रेघ मारून. साठाच्या वर गाडी झुलते. दुसऱ्या आठवड्यात, साठाच्या वर गाडी झुलते, डावीकडं वढते. तिसऱ्यांदा, गाडी झुलते, आत माणसं बसतात. हे शेवटचं वाचून किशनराव हसले होते, अगदी आठवतं. माणसं बसतात! बसमध्ये दुसरं काय बसणार. त्यांनी तिन्ही नोंदींखाली आपली ओळ लिहिली, सही केली, तारीख टाकली. पुढच्या चाकाला धरून ठेवणारी जाड खीळ, किंगपिन म्हणतात तिला, झिजून सैल झाली होती हे त्यांना माहीत होतं. चाक हातानं धरून हलवलं की खटक असा आवाज येई. खटक. हा आवाज पुढच्या अठ्ठावीस वर्षांत त्यांना कुठंकुठं ऐकू आला होता. कडी लावताना, दाढ हलताना, रामच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत.

चौथ्यांदा थावराला लिहायची वेळ आली नाही. शिरड शहापूरच्या वळणाला गाडी झुलली आणि हळदीच्या रानात उतरून उलटी झाली. चतुराबाई नावाची म्हातारी लेकीकडं चालली होती, ती गेली. तिच्या टोपलीतले लाडू बसच्या छतावर सापडले, कारण छत तेव्हा खाली होतं. गाडी सरळ करून डेपोत आणली, दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. त्याच्या आधी किशनराव एकटेच पत्र्याचा तुकडा आणि कात्री घेऊन गाडीखाली गेले. डालड्याच्या डब्याचा पत्रा, पातळ, कापून गोल वळवून त्या सैल खिळीभोवती बसवला आणि वरून ग्रीस भरलं. हात थरथरत नव्हते. तेव्हा एकदाही थरथरले नाहीत. साहेबांनी चाक धरून हलवलं. आवाज आला नाही. चौकशीत थावरा एकच वाक्य बोलला. "साहेब, वहीत लिवलेलं हाय." वही आणली. उघडली. त्याचं प्रत्येक वाक्य होतं आणि प्रत्येकाखाली किशनरावांचं वाक्य होतं, जास्त शुद्ध, जास्त चांगल्या अक्षरात. थावरानं ते वाचलं, किशनरावांकडं पाहिलं आणि त्याची नोकरी गेली. निकालपत्रात लिहिलं होतं: वाहन सुस्थितीत. चालकाचा दोष. मसुदा मोठ्या साहेबांनी किशनरावांनाच विचारून केला होता, कारण त्यांचं शुद्धलेखन चांगलं.

"तीनदा झालं, बाबा," राम म्हणाला. तिसऱ्या कागदाची घडी त्याच्या हातात होती. राम शाळेत गणित शिकवतो. त्याच्यापाशी दोनच उत्तरं असतात, बरोबर आणि चूक. "मला बी वाटते का तुमी चालवू नये म्हणून? पण सुकी बसते मागं. एक करू. तुमी म्हणाल त्या माणसाला गाडी दाखवू. तो म्हणला गाडीचा दोष, तर मी सोता जाऊन शोरूमवाल्याच्या टेबलावर बसतो, गाडी बदलून घेतल्याबिगर उठत न्हाई. तो म्हणला तुमचा, तर किल्ली माझ्यापाशी. मग हा विषय बंद. बोला, कोण?" डेपोतले किती जुने मेकॅनिक हिंगोलीतच होते, रोज संध्याकाळी भेटणारे, एका चहावर हवं ते लिहून देणारे. किशनरावांच्या तोंडून नाव आलं, "थावरा." कुठून आलं कुणास ठाऊक. राम म्हणाला, "भरवशाचा हाय का?" "खोटं बोलणार नाही," ते म्हणाले, आणि वर आणखी म्हणाले, "तोच तर त्याच्यात दोष होता." राम हसला. बापानं विनोद केला की तो हसतो, त्याच्यावर संस्कार चांगले आहेत.

पुसेगाव ओलांडून तांड्याकडं वळेपर्यंत किशनराव एकाच अडचणीत होते. त्याला हाक काय मारायची. तेव्हा अरे थावरा म्हणत. आता थावराभाऊ? थावराराव? माणसाची नोकरी घालवल्यावर किती वर्षांनी त्याला राव लावता येतं? हरभऱ्याची काढणी झाली होती, रानं मोकळी पडली होती, वाटेवर घोट्याएवढा फुफाटा. थावरा घरापुढं बाभळीखाली बसून दावं वळत होता. केस सगळे पांढरे, पाय तसेच उघडे. हाक मारायची वेळच आली नाही. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "वाळले की साहेब तुमी." आतून त्याच्या बायकोनं, नीलाबाईनं, विचारलं, "कोन आलं वो?" तो म्हणाला, "डेपोतले साहेब. चांगलं अक्षर हाय त्यांचं. चहा टाक." रामनं वाकून नमस्कार केला. थावरानं त्याला नीट न्याहाळलं. "पोरगं का? काय करते?" "मास्तर आहे," किशनराव म्हणाले. "मंग बरं हाय," थावरा म्हणाला. "मास्तराची चूक फळ्यावर ऱ्हाते. पुसता येते."

रामनंच सगळं सांगितलं. गाडी, नव्वद, तीन कागद, किल्लीची पैज. थावरा दावं वळत ऐकत राहिला, आणि तीन कागदांपाशी आल्यावर त्याचा हात थांबला. "काय लिवलंय म्हनता?" रामनं वाचून दाखवलं. थावरानं ते पुन्हा वाचायला लावलं, लेकरू आवडता अभंग पुन्हा म्हणायला लावतं तसं. मग उठला. "म्या चालवनार न्हाई. त्या दिसापासून स्टेरिंगला हात लावला न्हाई. बाजूला बसतो." तो बसला आणि दोन्ही तळवे गाडीच्या फरशीला टेकवून त्यानं डोळे मिटले. डांबरी रस्त्यावर किशनरावांनी गाडी नव्वदला नेली. मागं राम. गाडी झुलली. आधी मागून काहीतरी ढकलल्यासारखं, मग स्टेअरिंग डावीकडं, उजवीकडं. "अजून येकदा," थावरा डोळे न उघडता म्हणाला. पुन्हा झुलली. बाप लेकाच्या नजरेसमोर परीक्षेला बसला होता आणि तपासणारा मिटल्या डोळ्यांचा होता. "वापस घ्या," तो म्हणाला. "तांड्याच्या वाटंनं."

तांड्याच्या तोंडाशी रामचा फोन वाजून तुटला. फोनला रेंज फक्त लिंबाखाली मिळते असं थावरानं सांगितल्यावर तो तिकडं गेला. थावरानं किशनरावांना गाडी फुफाट्यातून अगदी हळू, सरळ आणायला लावली, दहा पावलं. मग खुणेनं बोलावलं. उतरून ते मागं आले. थावरा उकिडवा बसून काठीनं चाकोरी दाखवत होता. "आमचा आज्या बैलावर मीठ वाहायचा. मागून गाड्या आल्या. गाडीचा आख वाकडा का सरळ, ते गाडीकडं पाहून समजत न्हाई म्हनायचा, ती गेल्यावर धुळीकडं पाहून समजते. हे पाहा." आख, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, सरळ असला तर मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीतून जायला हवं. गेलं नव्हतं. डाव्या अंगाला ते दोन बोटं बाहेर पडलं होतं, उजव्या अंगाला तेवढंच आत. दहा पावलं, सारखं. कुत्रं तिरकं पळतं तशी गाडी तिरकी चालली होती. "मागचा आख वाकडा बसलाय. कारखान्यातूनच. हळू असली तवर खपते. जोरात गेली का मागचं ढकलते, अन् पुढच्याला वाटते आपलंच चुकलं."

किशनराव खाली बसले. चुकत होते ते हात नव्हते तर. हात नव्हते! त्यांनी फुफाट्यातल्या त्या रेघेला बोट लावलं. एवढी सरळ, एवढी स्वच्छ नोंद त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती. कुणी खाली सही केलेली नाही, कुणी शुद्ध केलेली नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यातून त्यांनी पाहिलं, राम फोन खिशात टाकत येत होता. "काय निघालं, काका?" त्यानं लांबूनच विचारलं. थावरा उठला. त्यानं किशनरावांकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. चौकशीच्या दिवशी वही वाचून झाल्यावर होती तीच नजर, फक्त म्हातारी झालेली. मग त्यानं उजवा पाय उचलला आणि अनवाणी तळव्यानं चाकोरी पुसली. घाई केली नाही. आधी डावी, मग उजवी, अंगण सारवताना बाया हात फिरवतात तशी. राम पोचेपर्यंत फुफाटा फुफाट्यासारखा झाला होता. "गाडी बराबर हाय, मास्तर," थावरा म्हणाला. "चालकाचा दोष."

चहा प्यावा लागला. नीलाबाईनं गुळाचा केला होता. कप किशनरावांच्या हातात बशीवर वाजत राहिला आणि रामनं ते पाहिलं, आणि रामनं पाहिलं हे थावरानं पाहिलं. सांगायचं तरी काय. तो खोटं बोलतो आहे म्हणायचं? राम विचारील, काहून? गणिताचा माणूस, कारणाशिवाय उत्तर मान्य करत नाही. पुन्हा एकदा गाडी फुफाट्यातून न्या म्हणायचं? तरी तोच प्रश्न. फुफाटा हवा तेवढा होता, पन्नास गाड्यांच्या साक्षी निघतील एवढा, पण त्याच्यापर्यंत पोचायची वाट हळदीच्या एका रानातून जात होती. त्यांनी खिशातून किल्ली काढून रामपुढं धरली. राम गाडीकडं गेल्यावर थावरा हलक्या आवाजात म्हणाला, "पाह्यलं तर तुमी बी हाय, साहेब. तुमाला बी तोंड हाय. तुमीच सांगा की." आणि पुन्हा दावं वळायला बसला.

राम चालवत होता. आरसे त्यानं आपल्या मापानं वळवले, सीट पुढं घेतली. एवढ्या लहान गोष्टींनी गाडी दुसऱ्याची होते. "वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला. "वयाचं असते. शनिवारी सुकीला घेऊन मी नांदेडला जाऊन येतो, तुमी बी चला, मागं बसा तिच्यासंगं." साठ. सत्तर. दुतर्फा रिकामी रानं. मागं बसा. किशनरावांनी मागं पाहिलं. सुकन्याचा लाल रिबिनीचा एक बो सीटवरच्या प्लास्टिकला चिकटला होता. आत माणसं बसतात. किती साधं वाक्य होतं, हसण्यासारखं त्यात काय होतं? गप्प राहिलं तर फक्त किल्ली जाते. गप्प राहण्याची त्यांना सवय होती, त्यात त्यांचा हात बसलेला होता. पंच्याहत्तर. "राम," ते म्हणाले, "मागचा आख वाकडा आहे. धुळीत दिसला मला. सावकाश घे."

"बाबा, आता बास ना. ठरलं होतं आपलं."

"थावरा खोटं बोलला."

ऐंशी. पंच्याऐंशी. "तुमीच म्हणले तो खोटं बोलत न्हाई म्हणून," राम म्हणाला, आणि तेवढ्यात मागून ढकलल्यासारखं झालं, गाडी झुलली, रामची बोटं स्टेअरिंगवर पांढरी पडली. त्यानं सावरलं. "वारं हाय," तो म्हणाला. रस्त्याकडेच्या तुऱ्हाट्यांच्या ढिगावर बांधलेली फडकी पान हलू नये तशी लोंबत होती. किशनराव त्याच्या हातांकडं पाहत होते. पस्तिशीचे हात, धडधाकट. राम बदललेल्या आवाजात म्हणाला, "काहून? त्यानं काहून खोटं बोलावं? त्याचं तुमी काय बिघडवलं?"

हिंगोली अजून पंधरा-सोळा किलोमीटर होती. किशनरावांनी वहीपासून सुरुवात केली. खुलाशांचं सांगितलं तेव्हा राम थोडा हसलासुद्धा. थावराच्या तीन नोंदी त्यांनी शब्दशः सांगितल्या, आपली ओळही सांगितली. मग खटक असा आवाज. मग शिरड शहापूर, चतुराबाई, छतावरचे लाडू. काटा सत्तरवर आला होता, साठवर आला, रामनं पाय काढला आहे हे रामलाही कळलं नसावं. डालड्याच्या डब्याचा पत्रा सांगताना किशनरावांनी सवयीनं हातानं माप दाखवलं, दोन बोटं. हात स्थिर होता. चाळीसला गाडी अगदी सरळ चालली होती, कुठलीही गाडी चालते तशी.  शहर आलं तेव्हा राम एवढंच म्हणाला, "शिरडची म्हातारी. तिची लेक कोणत्या गावची?" आणि किशनरावांना ते माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

दारात चंद्रभागाबाई सुकन्याच्या वेण्या घालत बसल्या होत्या. "आले का? चहा ठेवते," त्या म्हणाल्या. मग दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहून म्हणाल्या, "काय म्हनला मंग त्यो मानूस? दोष कोनाचा निघाला?"

"गाडीचा," राम म्हणाला. "उद्याच शोरूमला नेतो." चौकटीतल्या खिळ्यापाशी तो क्षणभर थांबला. मग किल्ली खिशात टाकून आत गेला.